एव्हिलच्या आधी ॲड्रिनॅलिन

ॲनाफिलॅक्सिस म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने एखाद्या पदार्थाविरुद्ध अकस्मात दिलेली, त्वचा, श्वासमार्ग, आतडी आणि रक्ताभिसरण यांना एकाच वेळी वेठीस धरणारी आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया. तिला निमित्त होणारा पदार्थ मुळात विषारी असतोच असे नाही. मूठभर शेंगदाणे, कोळंबीचे कालवण, गांधीलमाशीचा एक डंख, प्रतिजैविकाचे इंजेक्शन किंवा अंगदुखीवर घेतलेली साधी गोळी, यांपैकी काहीही पुरते. ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९८ या काळात अशा प्रतिक्रियांनी दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी मँचेस्टरचे प्रतिकारशक्तितज्ज्ञ रिचर्ड पम्फ्री यांनी तपासल्या, तेव्हा हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंत गेलेला मध्यक काळ, म्हणजे ज्याच्या आत निम्मे रुग्ण कोसळले तो काळ, अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे, कीटकदंशाच्या बाबतीत १५ मिनिटे आणि उपचारासाठी दिलेल्या औषधांच्या बाबतीत अवघी ५ मिनिटे भरला. या मिनिटांत उपयोगी पडणारे औषध शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७७ सालच्या पहिल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते होते, त्याची काचेची कुपी काही रुपयांत मिळते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असते. तरीही ती फुटते उशिरा, आणि पुष्कळदा फुटतच नाही.

या प्रतिक्रियेची पहिली शास्त्रीय ओळख पटली ती समुद्रामुळे. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या संशोधननौकेवर १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फिजेलिया या सागरी जीवाच्या विषाचा अभ्यास करत होते. पावसाळ्यात जुहू किंवा गिरगावच्या चौपाटीवर वाहून येणारे आणि अनवाणी पायांना चटका देणारे निळे ब्लूबॉटल ते हेच. पॅरिसला परतल्यावर फिजेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. थोडे थोडे विष टोचत गेले तर प्राण्याची सहनशक्ती वाढेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पहिली मात्रा सहज सोसलेल्या नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा अल्प मात्रा दिली, तेव्हा त्याला धाप लागली, उलट्या झाल्या, तो आडवा झाला आणि २५ मिनिटांत मेला. संरक्षण मिळण्याऐवजी शरीर अधिक हळवे होऊन बसले होते. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असे का होते याचा उलगडा व्हायला आणखी अर्धे शतक जावे लागले. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९६६ मध्ये, आणि जवळपास त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे, रक्तात अत्यल्प प्रमाणात असणारे एक प्रतिपिंड शोधून काढले, ज्याला आज आयजीई म्हणतात. प्रतिपिंड म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. शेंगदाण्याशी किंवा गांधीलमाशीच्या विषाशी पहिली गाठ पडते तेव्हा काही व्यक्तींचे शरीर, बाहेरून काहीही न दाखवता, त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार करते आणि हे प्रतिपिंड त्वचेखाली, श्वासनलिकेभोवती आणि आतड्याच्या अस्तरात पसरलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या गाठीत तोच पदार्थ त्या प्रतिपिंडांना येऊन चिकटला की मास्ट पेशी आपल्यातील हिस्टामिन आणि इतर अनेक रसायने एकदम बाहेर टाकतात, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंती गळू लागतात, घशाला सूज येते आणि श्वासनलिका आवळल्या जातात. तीव्र प्रतिक्रियेत दहा मिनिटांच्या आत रक्तवाहिन्यांतील द्रवाचा सुमारे ३५ टक्के भाग आजूबाजूच्या ऊतींत झिरपू शकतो, म्हणजे रक्ताचा थेंबही न सांडता मोठा रक्तस्राव झाल्याची अवस्था होते आणि हृदयाला पुढे ढकलण्यासाठी पुरेसे रक्तच उरत नाही.

ॲड्रिनॅलिन हे मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींत तयार होणारे संप्रेरक असून जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी ते शुद्ध, स्फटिकरूप स्वरूपात मिळवले. ॲनाफिलॅक्सिसमध्ये जे जे बिघडते त्याच्या नेमके उलट हे एकटे औषध करते: सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरते आणि घशाची सूज उतरवते, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाचे आकुंचन जोरकस करते आणि मास्ट पेशींतून आणखी रसायने बाहेर पडण्याला आळा घालते. शेवटचा गुण विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळेच लवकर दिलेल्या मात्रेचा प्रभाव उशिरा दिलेल्या मात्रेहून मोठा ठरतो.

मात्रा साधी आहे. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असलेल्या नेहमीच्या कुपीतून प्रौढ व्यक्तीला अर्धा मिलिलिटर, आणि मुलांना दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने, जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅमपर्यंत. ही सुई मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या अंगाला, सरळ स्नायूत टोचायची असते. घाईच्या वेळी कपडे उतरवण्यातही वेळ दवडू नये. जागेचा हा आग्रह उगीच नाही. कॅनडातील एस्टेल सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ॲलर्जी असलेल्या मुलांत मोजून दाखवले की, मांडीच्या स्नायूत दिलेले औषध सरासरी ८ मिनिटांत रक्तातील सर्वोच्च पातळी गाठते, तर त्वचेखाली दिलेल्या औषधाला त्यासाठी ३४ मिनिटे लागतात. पम्फ्री यांच्या आकड्यांशेजारी हे दोन आकडे ठेवले की दंडावर त्वचेखाली सुई देण्याची जुनी सवय किती महागात पडू शकते हे कळते. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर हीच मात्रा पुन्हा द्यायची, सोबत प्राणवायू आणि भराभर सलाइन सुरू करायचे, एवढाच उपचाराचा मुख्य गाभा आहे.

याच्याइतकीच मोलाची, पण औषधाच्या दुकानात न मिळणारी गोष्ट म्हणजे रुग्णाला आडवे ठेवणे. पम्फ्री यांनीच २००३ मध्ये काही मृत्यूंचा बारकाईने मागोवा घेतला, तेव्हा आडव्या रुग्णाला बसते किंवा उभे केल्यावर काही क्षणांत हृदय थांबल्याची उदाहरणे पुढे आली. वाहिन्यांत आधीच तुटवडा असलेले रक्त पायांकडे उतरते, हृदयाकडे परतणारा प्रवाह आटतो आणि मग आतापर्यंत बोलत असलेला माणूस एकाएकी निश्चेष्ट होतो. म्हणून रुग्णाला सपाट निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास फारच कोंडत असेल तर पाय पसरून टेकून बसू द्यावे, गर्भवतीला डाव्या कुशीवर वळवावे, आणि कोणत्याही परिस्थितीत चालवू नये. ग्रामीण महाराष्ट्रात वाहनाची वाट पाहण्याऐवजी रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याला नेतात. त्यामागची धडपड खरी असते आणि अंतरही खरे असते, पण या एका आजारात तो प्रवास रुग्णाला ताठ बसवूनच होतो आणि तेच घातक ठरू शकते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत जमिनीवर निजवून ठेवणे, किंवा जीपच्या मागच्या सीटवर आडवे करून नेणे, हे मोटारसायकलच्या वेगापेक्षा अधिक सुरक्षित असते.

औषध उशिरा का फुटते, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सवयींत दडलेले आहे. अंगावर लाल, खाजणाऱ्या गांधी उठल्या की मराठी घरांत त्याला पित्त उठले म्हणतात, आमसुलाचे पाणी अंगाला चोळतात आणि घटकाभर वाट पाहतात. नुसत्या गांधी असतील तर या उपायाने काही बिघडत नाही. मात्र गांधींसोबत आवाज बसला, घसा दाटला, खोकला किंवा शिट्टीसारखा श्वास सुरू झाला, पोटात कळा येऊन उलट्या होऊ लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा माणूस विनाकारण घाबराघुबरा होऊन जीव जाईलसे वाटते म्हणू लागला, तर ते पित्त राहिलेले नसते. शिवाय सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही, आणि गांधींची वाट पाहणारा डॉक्टरही तेथे फसतो.

दवाखान्यात पोहोचल्यावर दुसरी सवय आड येते. रिॲक्शन आली म्हटल्याबरोबर ट्रेमधून प्रथम उचलली जाणारी जोडी एव्हिल आणि डेक्सा, किंवा एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन यांची असते. एव्हिल हे हिस्टामिनविरोधी औषध आहे. ते खाज आणि गांधी कमी करते, पण मास्ट पेशींनी सोडलेल्या इतर रसायनांवर त्याचा इलाज चालत नाही, गळणाऱ्या वाहिन्या ते आवळत नाही आणि बंद होत आलेला घसा ते उघडत नाही. डेक्सा आणि हायड्रोकॉर्टिसोन ही स्टेरॉइड वर्गातली औषधे असून त्यांचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ च्या मार्गदर्शिकेत हिस्टामिनविरोधी औषधांना सुरुवातीच्या उपचारांतून वगळले आणि स्टेरॉइडचा सरसकट वापरही थांबवण्याचा सल्ला दिला, तो याच कारणामुळे. या जोडीचा खरा धोका तिच्या अपायात कमी आणि तिने दिलेल्या समाधानात जास्त आहे: सुई दिली गेली, खाज थांबली, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडला, आणि दरम्यान रक्तदाब उतरतच राहिला.

ॲड्रिनॅलिनची भीती मात्र निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. हेच औषध थेट शिरेत, पातळ न करता, एकदम दिले तर हृदयाची लय बिघडू शकते, आणि एकास हजार व एकास दहा हजार अशा गुणोत्तरांनी लिहिलेल्या लेबलांमुळे दहापट चुका जगभर झालेल्या आहेत. अमेरिकेत २०१६ पासून ही गुणोत्तरे लेबलावरून काढून मिलिग्रॅमचीच नोंद ठेवली गेली. मांडीच्या स्नायूत दिलेल्या योग्य मात्रेची गोष्ट वेगळी आहे. छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो आणि काही मिनिटांत हे सारे ओसरते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये या औषधाला पूर्ण मज्जाव करावा असे कोणतेही कारण वैद्यकशास्त्र मानत नाही. वृद्धाला नाही, हृदयरोग्याला नाही, गर्भवतीला नाही.

या औषधाची सर्वांत कठीण परीक्षा महाराष्ट्रात आणि एकूणच भारतीय उपखंडात सर्पदंशाच्या खाटेशेजारी होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर भारतात जे बहुगुणी प्रतिविष दिले जाते ते घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढून तयार होते; मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. घोड्याचे प्रथिन माणसाच्या शिरेत शिरते तेव्हा शरीर बंड करून उठण्याची शक्यता मोठी असते, आणि ते प्रत्येक वेळी आयजीईच्याच वाटेने होते असेही नाही, त्यामुळे यापूर्वी कधीही प्रतिविष न घेतलेल्या माणसालाही पहिल्याच बाटलीला ॲनाफिलॅक्सिस होऊ शकते. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर, फुरसे चावलेल्या शेतकऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येत असते, प्रतिविष सुरू होते आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी, थंडी, उलट्या आणि धाप सुरू होते. समोर दोन मरणे उभी असतात, सापाच्या विषाचे आणि त्याच्यावरच्या औषधाचे, आणि डॉक्टरला दोन्ही एकाच वेळी थोपवायची असतात.

पूर्वी यावर तोडगा म्हणून टेस्ट डोस देत असत, म्हणजे प्रतिविषाचा थेंब त्वचेत टोचून फुगा येतो का ते पाहत. ही चाचणी पुढची प्रतिक्रिया सांगू शकत नाही, शिवाय तिच्यात वेळ जातो आणि ती स्वतःच प्रतिक्रिया घडवू शकते, हे स्पष्ट झाल्यामुळे सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीने ती सोडून दिली. प्रतिक्रिया आलीच तर प्रतिविष तात्पुरते थांबवायचे, ॲड्रिनॅलिन मांडीत द्यायचे आणि रुग्ण सावरला की प्रतिविष पुन्हा सुरू करायचे, हा आजचा नियम आहे. शेवटचा भाग अनेकदा राहून जातो. रिॲक्शनला घाबरून प्रतिविष कायमचे बंद केले जाते किंवा रुग्णाला अर्ध्या उपचारावर जिल्ह्याला पाठवले जाते, आणि विष आपले काम चालू ठेवते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. इतक्या मोठ्या हानीत प्रतिविष देण्याची भीती हा छोटा घटक असला, तरी तो हाताबाहेरचा नाही.

या भीतीवरचा भक्कम पुरावा श्रीलंकेतून आला, जेथे भारतात बनलेलेच प्रतिविष वापरले जाते. असिता डी सिल्व्हा आणि सहकाऱ्यांनी १,००७ सर्पदंशग्रस्तांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चारांपैकी तीन रुग्णांना प्रतिविषाची काही ना काही प्रतिक्रिया आली. प्रतिविषाच्या आधी त्वचेखाली पाव मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन दिलेल्या रुग्णांत पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रियांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. हिस्टामिनविरोधी प्रोमेथाझिन आणि स्टेरॉइड हायड्रोकॉर्टिसोन यांनी काहीही फरक पडला नाही, इतकेच काय, ॲड्रिनॅलिनसोबत हायड्रोकॉर्टिसोन दिले असता ॲड्रिनॅलिनचा लाभही पुसला गेला. दवाखान्यांत डोळे मिटून दिल्या जाणाऱ्या जोडीचा याहून स्वच्छ निवाडा दुसऱ्या कोणत्या चाचणीने केला असेल असे वाटत नाही.

कीटकदंशाच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर आग्यामोहोळ उठून शेकडो माशा एकाच वेळी डसतात, तेव्हा विषाच्या एकूण भारानेच मूत्रपिंडे आणि स्नायू निकामी होऊ शकतात, आणि ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी असलेल्याला मात्र एक माशीही पुरते.

अन्नाच्या ॲलर्जीचे भारतीय चित्र पाश्चात्त्य पुस्तकांशी पूर्णपणे जुळत नाही. कर्नाटकात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे आयजीई सापडले, पण लक्षणांसह संभाव्य ॲलर्जी केवळ १.२ टक्के लोकांत आढळली. म्हणजे नुसत्या रक्तचाचणीच्या कागदावरून मुलाचे दूध, गहू आणि डाळी बंद करणे चुकीचे आहे. मुंबईतील संशोधकांनी २००१ मध्ये हरभरा हा या उपखंडातील महत्त्वाचा ॲलर्जीकारक असल्याचे दाखवले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांची ठळक नोंद बंधनकारक आहे, परंतु हरभरा त्यात नाही आणि तीळही नाही. अमेरिकेने तिळाला १ जानेवारी २०२३ पासून अशा यादीत घेतले. अर्थात चकलीची भाजणी, बेसनाचे लाडू, शेव, डाळे आणि शेंगदाणे घातलेला चिवडा यांनी भरलेले जे ताट दिवाळीत एका घरातून दुसऱ्या घरात जाते, त्याच्यावर कोणतेही लेबल नसते, म्हणून ज्या घरात अशी ॲलर्जी आहे त्याने शेजाऱ्यांना ते आधीच, न संकोचता सांगून ठेवणे हाच मार्ग उरतो.

एकदा अशी प्रतिक्रिया येऊन गेलेल्या माणसाने औषध जवळ बाळगावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. अडचण ते कोणत्या रूपात बाळगावे याची आहे. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी ऑटोइंजेक्टर असतो, म्हणजे मांडीवर दाबताच ठरलेली मात्रा आपोआप टोचणारे पेन. रणांगणावरील विषारी वायूंवरचा उतारा सैनिकांना स्वतःच टोचता यावा म्हणून बनवलेल्या साधनातून ते विकसित झाले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत एपिपेन या नावाने मान्यता पावले. काही डॉलरांचेही औषध नसलेल्या या पेनांच्या जोडीची किंमत तेथे २०१६ पर्यंत सुमारे ६०० डॉलरांवर गेली आणि त्यावरून अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावणी झाली. भारतातील औषधांच्या दुकानांत हे पेन सहजी मिळत नाही, त्यामुळे डॉक्टर कुपी, सिरिंज आणि सुई घरी देतात. सिमन्स यांच्या गटाने २००१ मध्ये ही रीतही तपासली: पालकांना कुपीतून मात्रा ओढायला सरासरी १४२ सेकंद लागले, तर आपत्कालीन विभागातील परिचारिकांचे ते काम अर्ध्या मिनिटात झाले; त्याहून गंभीर म्हणजे पालकांनी ओढलेल्या मात्रांत तब्बल ४० पटींची तफावत होती. म्हणून काही डॉक्टर मोजलेली मात्रा सिरिंजमध्ये आधीच भरून, उजेडापासून झाकून देतात आणि ती ठरावीक काळाने बदलून घ्यायला सांगतात, कारण हे औषध उष्णतेने आणि प्रकाशाने खराब होते. गुलाबी किंवा तपकिरी छटा आलेली कुपी टाकून द्यावी. सुईविना नाकात फवारण्याचे ॲड्रिनॅलिन ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आहे.

अशी साधने येथे सहज मिळू लागेपर्यंत सर्वांत जवळचा प्रशिक्षित हात गावच्या आरोग्यसेविकेचा आहे, आणि तिच्या हाताला शासनाने एका बाबतीत मोकळीक आधीच दिलेली आहे. लसीकरणाच्या सत्रात तिच्याजवळ ॲनाफिलॅक्सिसची पेटी असते, जिच्यात ॲड्रिनॅलिनच्या कुपी, बारीक खुणांची सिरिंज, एक इंची सुया आणि वयानुसार मात्रा लिहिलेला तक्ता असतो. लस घेतलेल्या बाळाला तीव्र प्रतिक्रिया आली तर डॉक्टरची वाट न पाहता स्नायूत एक मात्रा देऊन मग पुढे पाठवण्याची तिला मुभा आहे. ही मुभा लसीकरणानंतरच्या प्रतिक्रियेपुरती शब्दबद्ध झालेली आहे. त्याच उपकेंद्रात त्याच दुपारी गांधीलमाशी चावून घसा दाटलेला गुराखी आला तर कुपी तीच लागते, तक्ता तोच लागतो आणि मांडीही तीच. तेथे ती सुई देण्याचा अधिकार तिला लेखी मिळावा, तिने सद्‌हेतूने दिलेल्या मात्रेबद्दल तिच्यावर कारवाई होणार नाही असे त्या आदेशात नमूद असावे, आणि निवासी आश्रमशाळांच्या अधीक्षकांना व वनरक्षकांनाही तेच प्रशिक्षण मिळावे, ही मागणी अवास्तव नाही. पेटीतील कुप्यांची मुदत लसीकरणाच्या प्रत्येक सत्राआधी तपासण्याची पद्धत आहेच. ती तपासणी उपकेंद्राच्या रोजच्या कामात आणावी लागेल.